दसऱ्यापासूनचा इन्शुरन्स

"मावशी, दोनच महिन्यांचा द्या ना!"

हे वाक्य मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सव्वीस वर्षं ऐकलं. ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस. जिना चढून येणाऱ्या माणसाच्या हातात खालचा समोसा असला तर तो नवीन पॉलिसी घ्यायला आलाय, आणि हात मोकळे असले तर भांडायला आलाय, हे मला दारातूनच कळायचं. भांडायला येणाऱ्यांना मी खाली पाठवून आधी समोसा खायला लावायचे. निम्मे परतच यायचे नाहीत.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "शैलाताई, तुमच्या व्यवसायातले काही हृद्य अनुभव लिहा." कार इन्शुरन्समध्ये हृद्य काय असणार, कप्पाळ! डॉक्टर लिहितात, शिक्षक लिहितात, त्यांच्याकडे माणसं रडत येतात आणि हसत जातात. माझ्याकडे हसत यायची आणि किंमत ऐकून रडत जायची. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही, कारण तिच्यात गाढवपणा माझा आहे.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमेरिकेत गाडीचा इन्शुरन्स साधारण सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा मिळतो. दोन महिन्यांचा, पंधरा दिवसांचा असा काही प्रकार आमच्याकडे नाही. आपल्या लोकांना वाटतं, पेपरवाल्याला सांगतात तसं सांगता येईल, आम्ही गावाला चाललोय, परत येईपर्यंत टाकू नका. तसं नसतं. मग करायचं काय, तर सहा महिन्यांची पॉलिसी घ्यायची आणि काम झालं की मध्येच बंद करायची. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक खूश होऊन उठायला लागायचं. मी म्हणायचे, बसा. अजून संपलं नाही.

न्यू जर्सीत गाडीला नंबरप्लेट आहे तोवर तिला इन्शुरन्स पाहिजेच. मग ती गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपलेली का असेना. इन्शुरन्स बंद करायचा तर आधी प्लेटा काढा, सरकारी ऑफिसात जमा करा, पावती आणा, मग मी पॉलिसी बंद करते. हा क्रम चुकला आणि गाडी रस्त्यावर सापडली तर मालकाचं लायसन्स जाऊ शकतं, वर्षभरासाठीसुद्धा. इथे लायसन्स नाही म्हणजे दूध नाही, भाजी नाही, नोकरी नाही. पाय असून लंगडा.

आणि आपले लोक प्लेटा काढायचे नाहीत. घरात तीन-तीन डिग्र्या, आणि एक स्क्रूड्रायव्हर सापडायचा नाही. शेवटी मीच पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर ठेवायला लागले. पिवळ्या मुठीचा. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी तो बरोबर असायचा. एका हातात तिळगूळ घेऊन मी गॅरेजमध्ये उकिडवी बसलेली एडिसनमधल्या बऱ्याच बायकांनी पाहिली आहे.

कमी चालणारी गाडी म्हणजे काय, तर आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात एक जास्तीची गाडी असते. इथे आल्यावर घेतलेली पहिली. "विकवत नाही हो मावशी." चालवत तर नाहीस! "नाही, पण विकवत नाही." एक गृहस्थ शनिवार-रविवारचाच इन्शुरन्स मागायला आले. मी विचारलं, "आणि सोमवारी चोरीला गेली तर?" ते म्हणाले, "सोमवारी मी ऑफिसला ट्रेनने जातो." म्हटलं, चोराला विचारून ठेवा, तो कशाने जातो. एकाने देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या सनीव्हेलहून फोन केला, त्याच्या वडिलांची गाडी इथे होती. वडील ती चालवत नसत, फक्त आत बसून जुनी गाणी ऐकत. "याचा हप्ता काही कमी होईल का?" म्हटलं, गाण्यांवर आमची काही हरकत नाही.

आणि एक पित्रेकाकू होत्या. काका गेल्यावर त्यांची गाडी काकूंनी तीन वर्षं तशीच ठेवली. त्यांना मी उभ्या गाडीचा विमा करून दिला, म्हणजे रस्त्यावर नेता येत नाही, पण झाड पडलं, आग लागली तर भरपाई मिळते. त्यासाठी प्लेटा काढायला गेले तर काकूंनी माझ्या हातातून त्या घेतल्या, सिंकमध्ये भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुतल्या, पुसल्या आणि मग दिल्या. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. तर असा धंदा.

आता अण्णा.

अण्णा म्हणजे दत्तात्रय साळुंखे, सातारा जिल्ह्यातले, बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. त्यांची मुलगी मृणाल एडिसनला फिजिओथेरपिस्ट आहे. ती दवाखान्यात बसत नाही, पेशंटांच्या घरी जाते. गुडघे बदललेली, पडून हाडं मोडलेली म्हातारी माणसं. सकाळी आठला गाडीत बसते ती संध्याकाळपर्यंत सहा-सात घरं करते. तिचा नवरा निखिल आय.टी.त, आणि मुलगी ईशा दहा वर्षांची. ईशाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी.

अण्णा दरवर्षी काही महिने यायचे. त्यांच्यासाठी मृणालने तिची जुनी चॉकलेटी गाडी ठेवली होती. अण्णांकडे आपल्याकडचं लायसन्स आणि परदेशात चालवायचा परवाना, दोन्ही होतं. ते आले की पॉलिसी सुरू, गेले की प्लेटा काढून बंद. गाडी जायची कुठे? ईशाची शाळा, भाजीचं दुकान, देऊळ. पण अण्णांचा थाट बघायचा. सीटवर बसायच्या आधी गाडीभोवती एक फेरी, चारही टायरना लाथ, काच पुसणार, आरसे लावणार. मग किल्ली फिरवणार आणि गप्प बसून राहणार.

कारण एसटीत कंडक्टरने दोन घंट्या दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बत्तीस वर्षांची सवय. ईशा मागच्या सीटवरून ओरडायची, "आजोबा, डिंग डिंग!" मग गाडी निघायची. तिला बेल्ट लावायला वेळ लागला तर गाडी तिथेच. एकदा ईशा रुसली होती आणि घंटी देईना, तेव्हा अण्णा ड्राइव्हवेमध्ये वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसले. निखिल खिडकीतून ओरडत होता, "अण्णा, निघा की!" अण्णा म्हणाले, "कंडक्टरला सांगा."

गेल्या वर्षी अण्णा उन्हाळ्यात आले नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सप्टेंबरच्या शेवटी पाच आठवड्यांसाठी यायचे ठरले. मृणालचा फोन आला तेव्हा ती एका पेशंटच्या घरून निघून दुसऱ्याकडे चालली होती. "मावशी, अण्णांची गाडी चालू करायचीय. दसऱ्याला पूजा करतील आणि बाहेर काढतील, दसऱ्यापासून द्या. आधीपासून नको, उगाच."

"दसऱ्यापासून दिली," मी म्हटलं. भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. दसरा गुरुवारी. तारीख टाकली.

माझ्या समोरच्या टेबलावर वैशाली मेश्राम बसायची. नागपूरची, हुशार मुलगी, आमच्या ऑफिसात तीन वर्षं होती. तिने स्क्रीनवरून मान वर केली. "ताई, शनिवार ना? मराठी मंडळाचा दसरा त्याच्या आधीच्या शनिवारी आहे. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रमपण आम्ही त्या रविवारी ठेवलाय, हॉल गुरुवारी कुठे मिळतोय."

"अगं, अण्णा आहेत ते," मी म्हटलं. "गावाकडचा माणूस, एसटीचा ड्रायव्हर. ते तिथी सोडणार आहेत का? तुम्ही-आम्ही सोयीने सण करणारी माणसं."

"कन्फर्म करून घेऊ का? एक मेसेज टाकते."

"काही नको. सव्वीस वर्षं करतेय मी हे."

हे शेवटचं वाक्य मी आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. अमेरिकेत आपला एकही सण आपल्या दिवशी येत नाही. गणपती शनिवारी येतात आणि रविवारी दुपारी पार्किंग रिकामं करायच्या आत जातात. संक्रांत येईल तेव्हा येते, तिळगूळ शनिवारी. इथे जन्मलेल्या पोरांना वाटतं, शनिवार हाच आपला मोठा देव असावा. हे मला ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं मंडळाच्या जेवणाची व्यवस्था मीच बघते!

पॉलिसीचं कार्ड मी मृणालला ईमेल केलं. त्यावर तारीख ठळक छापलेली होती. मृणालने वाचलं नाही, कारण मावशीने पाठवलंय म्हटल्यावर वाचायचं काय! निखिल फोनमधलं साधं ॲप घेताना सगळ्या अटी वाचतो, त्यानेही वाचलं नाही. मी दिलेल्या पॉलिसीच्या नंबरावर त्यांनी नव्या प्लेटा आणल्या, लावल्या. गाडी तयार.

त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी मृणाल एका पेशंटकडे गेली होती. अण्णांनी ड्राइव्हवेमध्ये गाडी धुतली, पुसली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बॉनेटवर काय काढायचं यावर निखिलने बरीच चर्चा केली. शेजारी काय म्हणतील म्हणून स्वस्तिक नको, मग नुसतं 'श्री' काढलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. झेंडूचा हार ओक ट्री रोडवरून आणलेला, चांगला जाडजूड. तो पुढे बंपरला बांधला. ईशाने घंटी दिली, लिंबं चिरडली, आणि अण्णा, निखिल, ईशा देवळाकडे निघाले.

दीड मैलावर पोलिसाने थांबवलं. वेग बरोबर होता, लेन बरोबर होती, सिग्नल बरोबर होता. पण हाराने पुढची नंबरप्लेट अर्धी झाकली होती, आणि न्यू जर्सीत प्लेट झाकलेली चालत नाही. पोलिस सज्जन होता. म्हणाला, फुलं सुंदर आहेत, जरा बाजूला करा, आणि सहज इन्शुरन्सचं कार्ड मागितलं. निखिलने मोठ्या ऐटीत फोन पुढे केला. पोलिसाने पुढच्या गुरुवारची तारीख वाचली, परत वाचली आणि विचारलं, "सर, आज वार कोणता?"

तेव्हा मी कुठे होते? मी शाळेच्या हॉलमध्ये पैठणी नेसून श्रीखंडाच्या पातेल्यापाशी उभी होते. फोन वाजला. निखिलने सगळं सांगितलं. गाडी टो करून नेतायत, मृणालच्या नावावर समन्स, कोर्टात यावं लागेल.

मी म्हटलं, "अरे, पण तुम्ही आज बाहेर काढलीतच कशाला? दसऱ्यापासून सांगितलं होतं ना! मी दसऱ्यापासून दिलीय."

निखिल म्हणाला, "मावशी, मागे ढोल वाजतायत. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"मी? मंडळाच्या दस..."

मागून कोणीतरी माझ्या हातात कागदाचं आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणालं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." माझ्या हातातला श्रीखंडाचा डाव पातेल्यात पडला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मृणाल जिन्याच्या पायरीवर बसली होती. युनिफॉर्म तसाच. "मावशी, लायसन्स गेलं तर मी काय करू? माझं सगळं कामच गाडीवर आहे. नऊ पेशंट आहेत माझे. एक आजी आहेत, त्या माझ्याशिवाय कोणाला पाय धरू देत नाहीत." मग हळूच म्हणाली, "मागची तारीख नाही का टाकता येणार?"

प्रश्न रास्त होता, आणि मला तो आयुष्यात शेकडो लोकांनी विचारलाय. एरवी मी फाडकन उत्तर देते. घर जळल्यावर विमा काढता येतो का, असं विचारते. त्या दिवशी ते विचारलं नाही. पण नाही म्हटलं. मागची तारीख टाकणं म्हणजे सरळसरळ गुन्हा, माझाही आणि तिचाही.

अण्णा स्वयंपाकघरात पाठमोरे बसले होते. टेबलावर झेंडूचा हार. टो करणाऱ्या माणसाकडून त्यांनी तो मागून घेतला होता. मला बघून उठले. "ताई, बत्तीस वर्षं. एक मेमो नाही, एक ॲक्सिडेंट नाही. आणि पोरीचं लायसन्स माझ्या हातानं घालवलं बघा."

"अण्णा, चूक तुमची नाही. तारीख मी टाकली."

"कागद बघून गाडी काढायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. मी बघितला नाही. इंग्रजी आहे म्हणून बघितला नाही."

"पण तुम्ही शनिवारी कशी काय केलीत पूजा? मला वाटलं तुम्ही तिथी पाळणार."

अण्णा म्हणाले, "गुरुवारी पोरगीला शाळा असती. ती नसली तर घंटी कोण देणार?"

मी घरी आले.

आता माझ्या बॉसबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी माझी एजन्सी एका मोठ्या कंपनीला विकली होती आणि करारानुसार काही काळ तिथेच नोकरी करत होते. वरचा साहेब केविन, वय छत्तीस, दात एकसारखे. सोमवारी त्याला सांगितलं. तो दार लावून म्हणाला, "शायला, काही लिहून देऊ नकोस. कोर्टात जाऊ नकोस. गिऱ्हाइकाने दसरा म्हटलं, तू दसऱ्याची तारीख टाकलीस. यू आर राइट!"

गंमत बघा. विमा विकणाऱ्यांच्या चुकांचाही विमा असतो आणि त्याची पहिली अट अशी की चूक झाली असं आपण होऊन कबूल करायचं नाही. म्हणजे मी गप्प बसले तर मी कागदोपत्री बरोबर. आणि खोटंही नव्हतं ते. दसरा गुरुवारीच होता! सगळी पंचांगं माझ्या बाजूने होती. मृणालने कार्ड वाचायला हवं होतं, निखिलने वाचायला हवं होतं. मी दोन रात्री स्वतःला हेच समजावलं. मग वैशालीने माझ्या टेबलावर न बोलता एक कागद ठेवला. मंडळाच्या दसऱ्याचं पत्रक. शनिवार, सकाळी अकरा, शाळेचा हॉल. खाली लिहिलेलं, भोजन व्यवस्था प्रमुख, शैला दामले.

शैला दामले म्हणजे मी.

कोर्टाची तारीख अण्णांच्या परतीच्या आदल्या आठवड्यात होती. आमच्या टाउनशिपचं कोर्ट म्हणजे एक खोली, त्यात पार्किंगवाले, सिग्नल तोडणारे, आणि आम्ही. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मृणालने सांगितलं की पॉलिसी घेतलेली होती, तारखेत गोंधळ झाला. बाईंनी विचारलं, गोंधळ कोणाचा?

मी उभी राहिले. "माझा."

मी काय बोलले ते जसंच्या तसं आठवत नाही. एवढं आठवतं की मी दिनदर्शिका आणि पत्रक दोन्ही पुढे केलं. सांगितलं, हा सण पंचांगाप्रमाणे गुरुवारी होता, पण आम्ही लोक तो इथे आधीच्या शनिवारी करतो. हे मला माहीत होतं. माझ्या सहकाऱ्याने मला विचारलंसुद्धा. मी एक फोन करायला हवा होता, केला नाही.

बाईंनी पत्रक उलटसुलट पाहिलं. "म्हणजे तुमचा एकच सण दोन दिवशी येतो?"

मला काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. "युवर ऑनर, तुमच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस सुट्टीसाठी दरवर्षी सोमवारीच कसा येतो?"

मृणालने डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, संपलं, आता माझंही लायसन्स जाणार. मग बाई हसल्या. चांगल्या खांदे हलवून हसल्या. त्यांनी विचारलं, "आणि हे खालचं नाव कोणाचं?"

"माझंच."

"तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"श्रीखंड वाढत होते, युवर ऑनर."

श्रीखंड म्हणजे काय ते टायपिस्टला समजावण्यात पाच मिनिटं गेली. निकाल लागला. पॉलिसी आधीच घेतलेली होती, पळवाट काढायचा हेतू नव्हता, चूक एजंटची. मृणालचं लायसन्स शाबूत. प्लेट झाकल्याबद्दल किरकोळ दंड. मृणालने मला तिथेच मिठी मारली, आणि मागच्या बाकावर सिग्नल तोडणारा एक तरुण टाळ्या वाजवायला लागला, त्याला गप्प बसवावं लागलं.

केविनला बातमी दुपारपर्यंत पोचली. शुक्रवारी ऑफिसात माझ्यासाठी केक आला. त्यावर 'हॅपी रिटायरमेंट' लिहिलेलं. माझ्या कराराचे चार महिने शिल्लक होते, पण केक आलाच होता तर खाल्ला. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर मी वैशालीला दिला. म्हटलं, "पर्समध्ये ठेव. आणि मी सांगितलं तरी फोन करायचा, कळलं?" ती रडली. मी पण रडले, उगाच खोटं कशाला लिहू?

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. नीट निभावलं म्हणून फुशारकी मारून मोकळी झाले असते.

या वर्षी जूनमध्ये अण्णा आले. आठवड्याने मृणालचा फोन. "मावशी, अण्णा गाडीला हात लावत नाहीत. मी पॉलिसी घेते म्हटलं तर नको म्हणतात. ईशा मागे लागली तर म्हणाले, आता नजर बरोबर नाही. मोतीबिंदू काढलाय, डॉक्टर म्हणतो फर्स्ट क्लास आहे. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघतात."

मला खूप वाईट वाटलं. पोरीचं लायसन्स मी वाचवलं, आणि या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. तेही माझ्या शहाणपणामुळे, की गावाकडचा माणूस तिथीच पाळणार! ज्या माणसाने नातीसाठी तिथी सोडली, त्याला मी काही न विचारता ओळखून मोकळी झाले होते.

मी वैशालीला फोन लावला. "माझ्या गाडीवर एक ड्रायव्हर वाढवायचाय. दत्तात्रय साळुंखे. थोड्याच दिवसांसाठी."

"ताई," ती म्हणाली, "थोड्या दिवसांसाठी असं काही नसतं."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. कोणत्या तारखेपासून? नक्की वार सांगा. आणि मी त्यांना स्वतः फोन करून विचारणार."

केलाही तिने.

रविवारी सकाळी मी माझी गाडी घेऊन मृणालकडे गेले. अण्णांना म्हटलं, चला, जरा बाहेर जाऊन येऊ. ईशा मागे बसली. बंद पडलेल्या एका मॉलचं भलंमोठं रिकामं पार्किंग आहे, तिथे नेलं, गाडी उभी केली, खाली उतरले आणि किल्ली अण्णांपुढे धरली.

अण्णांनी किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही. "कागद?"

मी पर्समधून कार्ड काढून दिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. कार्ड उन्हात धरून एकेक अक्षर वाचलं. स्वतःचं नाव वाचलं. तारीख वाचली. मग मला विचारलं, "ताई, आज वार?"

"रविवार."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ईशाकडे पाहिलं. ईशाने फोन काढून त्यांना दाखवला. "संडे, आजोबा. आय चेक्ड."

मग अण्णा गाडीभोवती फिरले. चारही टायरना लाथ मारली. माझी गाडी नवीन आहे, मला जरा कसंतरी झालं. काच पुसली. आत बसले, सीट पुढे घेतली, आरसे लावले. मी शेजारी बसले, बेल्ट लावला. इंजिन सुरू झालं. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

गाडी हलेना.

मी मागे वळून ईशाकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून बसली होती. मान हलवून तिने माझ्याकडे बोट केलं. "नॉट मी. शैला आजी, यू."

अडुसष्ट वर्षांची बाई मी. सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले, थांबा, बसा, अजून संपलं नाही, आधी प्लेटा काढा. कोणाला जा म्हणून सांगितल्याचं मला आठवत नाही. घसा खाकरला, आणि त्या रिकाम्या पार्किंगमध्ये जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं,

"टिंग, टिंग!"